सहा नावं, एका देशाची पाटी : जपानी समकालीन कलेचं गटप्रदर्शन कसं बघावं?

रानजाई

एका देशाच्या नावाखाली पाच-सहा कलाकार एकत्र मांडले, की बघणाऱ्याला काय दिसतं? तो देश, की ते कलाकार?

प्रश्नाला निमित्त आहे तोकियोतल्या मोरी आर्ट म्युझियमचं 'स्टार्स' हे प्रदर्शन. ३१ जुलै २०२० ते ३ जानेवारी २०२१ असं ते चाललं. कोविडमुळे उघडायलाच उशीर झाला होता. मी इथेच राहते, त्यामुळे निवांत बघता आलं. यायोई कुसामा, ली उफान, तात्सुओ मियाजिमा, ताकाशी मुराकामी, योशितोमो नारा आणि हिरोशी सुगिमोतो, अशी सहा नावं. जपानमधून जगभर गेलेले कलाकार, अशी मांडणी.

पण या सहा जणांचे प्रवास बघा. कुसामा १९५७ मध्ये अमेरिकेला गेल्या, परतल्या १९७३ मध्ये. ली उफान यांचा जन्मच कोरियातला, जपानमध्ये ते १९५६ मध्ये आले. सुगिमोतो १९७० मध्ये अमेरिकेला गेले आणि चार वर्षांनी न्यूयॉर्कला स्थिरावले. नारा १९८८ मध्ये जर्मनीत शिकायला गेले, ते बारा वर्षं तिकडेच. मियाजिमांचं नाव जगाला कळलं ते १९८८ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात. म्हणजे ज्यांना आपण जपानचे प्रतिनिधी म्हणून बघतो, त्यांची घडण किंवा ओळख बरीचशी जपानबाहेरची. मग पाटी जपानची का?

दालनंही एकमेकांशी फटकून होती. ली उफान यांच्याकडे काच, तिच्यावर दगड, काचेला गेलेले तडे, बस्स. तिथून मुराकामींकडे गेलात की दोन प्रचंड द्वाररक्षक राक्षस अंगावर येतात. नारांची चिमुकली खोली, कुसामांची १९९२ ची गुलाबी होडी, सुगिमोतोंनी १९७६ मध्ये टिपलेलं पांढरं अस्वल. ते अस्वल खरं नाही, न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या देखाव्यातलं पेंढा भरलेलं आहे, आणि तरी फोटोत ते जिवंत वाटतं. मियाजिमांच्या अंधाऱ्या दालनात पाण्यात आकडे लुकलुकत होते. २०११ मध्ये ईशान्य जपानच्या तोहोकू भागात आलेल्या त्सुनामीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ ते हे काम करतात. प्रत्येक आकड्याचा वेग वेगवेगळ्या माणसाने ठरवलेला असतो आणि असे ३००० आकडे जमवायचे त्यांनी ठरवलंय. १ ते ९ मोजणं चालतं, शून्य येत नाही. त्या जागी क्षणभर काळोख होतो.

यातलं जपानी काय? मला तरी एका सूत्रात बांधता आलं नाही. बांधू नये असंही आता वाटायला लागलंय. तुमची मतं वाचायला आवडतील. जपानी कलेचं प्रदर्शन कुठेही पाहिलं असेल तर जरूर लिहा.

नीलमोहर

वाचतेय. शून्याच्या जागी काळोख, हे फार आवडलं.

चिंचपोकळी

रानजाई, लेखन उत्तम, पण मुख्य मुद्दा तुम्ही सोडलात. प्रदर्शनाचं नावच 'तारे'. हे सहा जण एकत्र आले ते विचार जुळले म्हणून नाही, प्रसिद्धी जुळली म्हणून. नारांचं एक चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे अडीच कोटी डॉलरला गेलं. मुराकामींचा एक पुतळा २००८ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर गेला, आणि त्याआधी २००३ पासून त्यांचे रंग लुई व्हितोंच्या पर्सवर होतेच. पाटी जपानची नाही, बाजाराची आहे. देशाचं नाव वर लावलं की ते जरा सभ्य दिसतं, इतकंच.

जुना_जेजेकर

चांगला धागा. चिंचपोकळी यांच्याशी अर्धा सहमत आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी थोडा इतिहास लिहितो. (चाळीसेक वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे लांबण लागेल.)

गटप्रदर्शन दोन प्रकारचं असतं. एक, कलाकार स्वतः जमतात ते. दुसरं, त्यांना कोणीतरी निवडून एकत्र आणतं ते. 'स्टार्स' दुसऱ्या प्रकारचं. पण जपानच्या आधुनिक कलेला आकार दिला तो पहिल्या प्रकाराने.

१९५४ मध्ये ओसाका-कोबेच्या मधल्या अशिया या गावी जिरो योशिहारा यांनी 'गुताई' हा गट सुरू केला. कोणी आधी केलंय ते करायचं नाही, असा त्यांचा तरुणांना आग्रह. १९५५ मध्ये त्यांनी पाइनच्या बनात उघड्यावर प्रदर्शन मांडलं. चित्रं ऊन-पावसात. पुढे काझुओ शिरागा दोराला लटकून पायांनी रंगवू लागले. साबुरो मुराकामी (रानजाईंच्या यादीतले नव्हेत) ताणलेल्या कागदांच्या चौकटी अंगाने फाडत आरपार गेले. आत्सुको तानाका यांनी १९५६ मध्ये रंगीत दिव्यांचा आणि वायरींचा झगा केला आणि अंगावर घातला. झटका बसायची भीती होती, तरी घातला. १९७२ मध्ये योशिहारा गेले आणि गट विसर्जित झाला.

आणि ली उफान यांच्या दगड-काचेमागे 'मोनो-हा'चा काळ आहे, म्हणजे दगड, माती अशा वस्तू आहेत तशाच मांडणाऱ्या कलाकारांचा. १९६८ मध्ये कोबेच्या सुमा रिक्यू उद्यानात नोबुओ सेकिने यांनी जमिनीत २.७ मीटर खोल, २.२ मीटर व्यासाचा गोल खड्डा खणला आणि निघालेल्या मातीचा त्याच मापाचा दंडगोल शेजारी उभा केला. इतकंच. काही घातलं नाही, काही काढून नेलं नाही. त्या कामावर सर्वांत ताकदीने लिहिलं ते ली उफान यांनी, आणि या मंडळींना वैचारिक पाया मिळाला तो एका कोरियन माणसाकडून.

तेव्हा रानजाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर : देश दिसत नसेल, पण काळ दिसतो. युद्धात सगळं बेचिराख झाल्यावर वस्तूकडे, शरीराकडे, मातीकडे नव्याने बघावंसं वाटणं, हे त्या भूमीचं आहे. आपल्याकडे १९४७ मध्ये मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. तीही मुलं स्वतः जमली होती. त्यांची ती प्रदर्शनं समजून घ्यायची तर १९४७ हे साल विसरून चालत नाही.

रानजाई

सर, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. मनापासून आभार.

चिंचपोकळी, बाजाराचा मुद्दा मान्य. पण त्याच प्रदर्शनात आणखी एक दालन होतं, ज्याबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही. १९५० च्या दशकापासून जपानी कलेची जी प्रदर्शनं परदेशात झाली, त्यांचे कॅटलॉग आणि कागदपत्रं तिथे मांडली होती. कोणत्या दशकात बाहेरच्यांना कसला जपान बघायचा होता, हे तिथे उलगडत गेलं. मी सगळ्यात जास्त वेळ तिथे होते. निवड कोण करतं, कोणासाठी करतं, हे प्रदर्शनातच उघड मांडलेलं होतं. नुसता बाजार असता तर ही मेहनत कशाला घेतली असती?

पाटावरवंटा

सगळे देश, काळ, बाजार बोलताय. सहात बाई एकच, हे कोणालाच खटकलं नाही? तीही कुसामा. १९६६ मध्ये व्हेनिसला निमंत्रण नसताना हिरवळीवर १५०० आरशासारखे गोळे मांडून एकेक गोळा दोन डॉलरला विकायला उभी राहिलेली बाई. तिथे जपानच्या दालनात तिला अधिकृत जागा मिळायला १९९३ साल उजाडलं. मग 'जपानमधून जगाकडे' गेलेल्या तानाका, शिओता या बाकीच्या बायका कुठे आहेत? चिहारू शिओतांचं तर त्याच मोरीत २०१९ मध्ये प्रचंड गर्दीचं एकल प्रदर्शन झालं होतं.

नीलमोहर

+१. अगदी हेच लिहायला आले होते.

रानजाई

पाटावरवंटा, मुद्दा बिनतोड आहे. एक भर घालते. मोरीनेच पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२२, जगभरातल्या १६ ज्येष्ठ स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन केलं. सगळ्या सत्तरीपुढच्या, एक तर शंभरीपार. आपल्या अर्पिता सिंगही त्यात होत्या. जपानच्या किमियो मिशिमा आणि काझुको मियामोतो. पण तिथे देशाची पाटी नव्हती आणि दालनातून दालनात जाताना मला तरी जास्त सुसंगत वाटलं ते.

माठमडकी

मिशिमांचं नाव वाचून राहवलं नाही. मी स्वतः मातीत काम करते. त्यांनी सत्तरच्या दशकापासून वर्तमानपत्रं, पुठ्ठ्याची खोकी, डबे हे सगळं मातीत केलं. पातळ लाटलेली माती, तिच्यावर स्क्रीन प्रिंटने छापलेला मजकूर, मग चुरगळलेला आकार आणि भट्टी. ज्यांनी पातळ पत्रा लाटून भाजलाय त्यांनाच कळेल हे किती अवघड आहे. सुकताना कडा वर उचलतात, भट्टीत तडकतात. रोज रद्दीत जाणारी बातमी त्यांनी अशी केली की हातातून पडली तर फुटेल. २०२४ मध्ये त्या गेल्या.

जपानमध्ये मातीकामाची परंपरा इतकी थोर आहे की 'समकालीन कला' आणि 'कुंभारकाम' यांची दालनं वेगळी ठेवतात. मिशिमा दोन्हीकडे मावत नव्हत्या. देशाच्या पाटीखाली अशा मधल्या माणसांची पंचाईत होते. माझा आक्षेप तिथे आहे.

चिंचपोकळी

स्त्री-पुरुष समतोलाचं निघालंच आहे तर २०१९ ची आइची त्रैवार्षिकी आठवावी लागेल. कलादिग्दर्शक दाइसुके त्सुदा यांनी तिथे जवळपास निम्म्या स्त्रिया घेतल्या, आणि ते ठरवून, जाहीर करून. पण तेच प्रदर्शन गाजलं वेगळ्या कारणाने. पूर्वी सेन्सॉर झालेली कामं एकत्र मांडणारा एक विभाग होता. त्यात युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं स्मरण करणारा कोरियन शिल्पकारांचा पुतळा. धमक्या आल्या आणि तीन दिवसांत विभाग बंद. बऱ्याच कलाकारांनी निषेध म्हणून आपापली कामं मागे घेतली किंवा बदलली. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा उघडला, तोही सोडतीने मोजक्या लोकांसाठी.

रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. देशाची पाटी निवांत असते तोवर कलाकार दिसतात. देशाला नको असलेलं काही आलं की पाटीच तेवढी दिसते.

रानजाई

हे पटलं. पूर्ण पटलं.

वैदर्भी

मुराकामींना इथे नुसतं पर्सवाले म्हणून सोडून दिलंय, ते बरोबर वाटत नाही. निहोंगा या पारंपरिक चित्रशैलीत तोकियोच्या कला विद्यापीठाची डॉक्टरेट आहे त्यांच्याकडे. २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी '५०० अर्हत' (अर्हत म्हणजे निर्वाणाला पोचलेले बुद्धाचे शिष्य) केलं, लांबी १०० मीटर, उंची ३ मीटर. ते पहिल्यांदा मांडलं २०१२ मध्ये कतारला, दोहात, कारण भूकंपानंतर कतारने तातडीने मदत केली होती. २०१५ मध्ये ते मोरीत आलं. मी तेव्हा पाहिलं. शेकडो शिष्यांचे आणि विद्यार्थ्यांचे हात लागलेलं काम. म्हातारे, सुरकुतलेले, हसणारे, भेसूर अर्हत, आणि मागे आगीचे लोळ.

आम्हा नागपूरकरांना अर्हत ही काही लांबची गोष्ट नाही. दीक्षाभूमी आमच्या गावातली आणि भदंत सुरई ससाई मूळचे जपानचेच. माझ्यासोबत आई होती. तिला पॉप आर्ट वगैरे काही माहीत नाही. ती एकेका अर्हतासमोर थांबून हात जोडत पुढे गेली. पहारेकरी तिला घाई करत नव्हते. कलेच्या बाजाराबद्दल चिंचपोकळी म्हणतात ते खरं असेल, पण त्या भिंतीपुढे आईला जे मिळालं तेही खरं आहे.

जुना_जेजेकर

वैदर्भी, फार सुंदर. विनाशानंतर अर्हत रंगवायची जपानमध्ये जुनी रीत आहे. १८५५ च्या एदोच्या (आजचं तोकियो) भूकंपाच्या आगेमागे कानो काझुनोबू नावाच्या चित्रकाराने ५०० अर्हतांच्या शंभर पटचित्रांचं काम चालवलं होतं. मुराकामींनी तोच धागा उचलला.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीतून. इथे न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत २०११ मध्ये 'बाय बाय किटी' पाहिलं होतं. गोंडस, मोठ्या डोळ्यांचा जपान म्हणजेच जपान, या समजाला उत्तर द्यायचं म्हणून मांडलेलं १६ कलाकारांचं प्रदर्शन. निवड डेव्हिड एलियट यांची, मोरी म्युझियमचे पहिले संचालक. त्याच जपान सोसायटीत २००५ मध्ये मुराकामींनी कार्टून-खेळण्यांच्या संस्कृतीवरचं 'लिटल बॉय' हे गाजलेलं प्रदर्शन मांडलं होतं. सहा वर्षांनी त्याच वास्तूत त्याला जाब विचारला गेला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि उघडलं कधी, तर १८ मार्च २०११ ला. ११ तारखेला भूकंप, त्सुनामी. ठरवताना कोणाच्या स्वप्नातही नसणार. भिंतीवरची तीच कामं, पण बघणारे सगळे फुकुशिमाच्या बातम्या डोक्यात घेऊन आलेले. कलाकाराने आणि निवडणाऱ्याने काहीही ठरवू दे, तारीख आपलं काम करतेच.

डहाणूवाला

खूप उशिरा आलो धाग्यावर. आमच्या भागाचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहितो.

जपानच्या नीगाता प्रांतात तोकामाची गावी एका जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे, १९८२ पासून. तोकिओ हासेगावा यांनी उभं केलं. तिथे मिथिला म्हणजेच मधुबनी शैलीच्या गंगादेवी राहून रंगवून गेल्या, आणि आमच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे यांचीही चित्रं तिथे आहेत. बर्फ घरावर चढतो अशा मुलखात तांदळाच्या पिठाची वारली! मिथिला आणि वारली दोन्हीकडे चित्रं शोधत आधी फिरले होते ते आपले भास्कर कुलकर्णी. एका मराठी चित्रकाराने जोडलेल्या त्या दोन वाटा जपानच्या डोंगरात एका छताखाली आल्या. आणि ते गाव एचिगो-त्सुमारी त्रैवार्षिकीच्या परिसरात येतं. २००० पासून तिथे ओसाड शाळांत, भाताच्या खाचरांत समकालीन कला मांडतात. सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा पसारा.

उलट दिशेनेही झालं. २०१३ मध्ये जपानी मंडळींनी आमच्या गंजाडला शाळेच्या भिंतींवर कलामहोत्सव केला (तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, ठाणेच होता). त्याआधी हीच मंडळी बिहारमध्ये सुजाता गावच्या शाळेत करायची. युसुके असाई यांनी तिथे तिथल्याच मातीच्या वेगवेगळ्या छटांनी अख्खी खोली रंगवली. जपानी कलाकार गेरू-शेणाच्या भिंतीच्या शेजारी आपलं काम करतोय, पोरं बघतायत. तिथे कोणी 'जपानी कला' आणि 'आदिवासी कला' अशा पाट्या लावत बसलं नव्हतं.

पाटावरवंटा

डहाणूवाला, माहिती मोलाची आहे. पण त्या म्युझियमचं नाव आलं की जनगढसिंग श्याम यांचं नावही घ्यायला हवं. मध्य प्रदेशचे गोंड कलाकार. भारत भवनात जे. स्वामिनाथन यांनी पुढे आणले, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात झळकले. २००१ मध्ये त्या म्युझियममध्ये कामाला गेले असताना तिथेच त्यांनी आयुष्य संपवलं. चाळिशीही गाठली नव्हती. परदेशी बोलावलेल्या लोककलाकाराचा करार काय, मुक्काम किती, एकटेपणाचं काय, हे प्रश्न तेव्हा आपल्याकडे फार कळवळून विचारले गेले. देवाणघेवाण म्हणताना हेही लक्षात असू दे.

डहाणूवाला

हो. बरोबर आहे. आमच्याकडची पोरंही बाहेर जातात, तेव्हा घरच्यांना हीच काळजी असते.

बोरकूट

एवढ्या गंभीर चर्चेत विचारू का? कुसामांचा नाओशिमा बेटावरचा पिवळा भोपळा २०२१ च्या वादळात समुद्रात गेला होता, तो परत मिळाला का? आपल्या म्हातारीचा भोपळा तर टुणुक टुणुक लेकीच्या घरून परत यायचा.

रानजाई

बोरकूट, ऑगस्ट २०२१ ला तो लाटांनी फुटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच धक्क्यावर नवा भोपळा आला, आधीपेक्षा मजबूत. मूळचा १९९४ चा.

जुना_जेजेकर

मूळ प्रश्नाकडे वळतो. डहाणूवाला म्हणतात तशा पाट्या काढून टाकाव्यात, हे मला पूर्ण मान्य नाही. पाटी नसती तर जनगढ आणि म्हशे यांना तिकडे कोणी शोधलं असतं? पाटीने दार उघडतं. आत गेल्यावर तिच्याकडे पाठ करायची, ही बघणाऱ्याची जबाबदारी.

माठमडकी

सर, दार उघडतं हे खरं. पण पाटी ज्यांना आतच घेत नाही, त्यांनी काय करावं? मिशिमांना ऐंशी-नव्वदीत जगाने पाहिलं.

रानजाई

सर, माठमडकी, दोघांचंही वाचून मी बरीच विचारात पडले. मला वाटतं, प्रत्येक कामापुढे देशाऐवजी गाव आणि साल विचारायला हवं. ली उफान यांची तडकलेली काच १९६९ च्या सुमाराची, विद्यार्थ्यांनी विद्यापीठं बंद पाडली होती तेव्हाच्या जपानमधली. सुगिमोतोंचं अस्वल न्यूयॉर्क, १९७६, नव्या शहरात एकट्या फिरणाऱ्या तरुणाचं. कुसामांची होडी १९९२, म्हणजे पाटावरवंटा म्हणतात त्या अधिकृत व्हेनिसच्या एक वर्ष आधीची. असं लावलं की सहा जण वेगळे होतात आणि त्यांच्यातले दुवेही आपसूक दिसतात. 'जपान' म्हणून एकच डबा उरत नाही, पण मियाजिमांच्या पाण्यातल्या आकड्यांपुढे तोहोकूचा किनारा विसरताही येत नाही. आयोजकांनी भिंतीवरच्या माहितीत देश लहान आणि गाव-साल मोठ्या अक्षरात लिहावं, अशी माझी खरीखुरी इच्छा आहे.

परदेशी_पाखरू

हे आवडलं. पुढच्या वेळी तसंच बघेन.

नीलमोहर

आम्ही पुढच्या वर्षी जपानला जायचं ठरवतोय. नाओशिमा एका दिवसात होतं का? मुलगी आठ वर्षांची आहे.

रानजाई

नीलमोहर, ओकायामाहून रेल्वेने उनो बंदर, तिथून बोटीने वीसेक मिनिटांत मियानोउरा. एक दिवस धावपळीचा होतो, बेटावर किंवा उनोला मुक्काम करा. चिचू संग्रहालयाचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. सोमवारी बहुतेक ठिकाणं बंद असतात, ते टाळा. मुलीला होनमुरा गावातल्या जुन्या घरात मियाजिमांचं काम नक्की दाखवा : १२५ आकडे पाण्यात आहेत आणि प्रत्येकाचा वेग गावातल्या एकेका माणसाने ठरवलाय, त्यात पाच वर्षांचं मूलही होतं. ली उफान यांचं संग्रहालयही त्याच बेटावर आहे. तारखा ठरल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बोटीच्या वेळा बघून देते.